दुसरं बिस्कीट

सोमवार, १० सप्टेंबर १९७३

दोन बिस्किटं! तिला दोन, मला एक.

तीन वर्षं मी त्या डे फ्रीससाहेबांच्या घरी खेटे घालतेय. नगरपालिकेत रस्त्यांचं खातं त्यांच्याकडे. दरवेळी तेच — बसा आलिदाबाई, कॉफी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे, एक उचला, की झाकण टक् करून बंद. त्यात वाईट काही नाही, ॲम्स्टरडॅममध्ये सगळेच तसं करतात, मीही करते. पण आज माझ्याबरोबर कोरी होती. तिची कॉफी संपली आणि साहेबांनी डबा परत उघडला! "घ्या ना आणखी एक, कोरीबाई." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आपली रिकाम्या बशीकडे बघत बसले.

कोरी म्हणजे कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याच्या वरती राहते ती. मार्चमध्ये पुलाच्या वळणावर तिच्या पिमला मोटारीने उडवलं. सहा वर्षांचा होता. पुलावरून मोटारी बंद करा, सायकलींना वाट द्या, हे मी त्याच्या कितीतरी आधीपासून सांगतेय. दारोदार मी फिरले. भर थंडीत सह्या मी गोळा केल्या. तेव्हा मी 'ती डोकं खाणारी बाई' होते. आता तेच वाक्य कोरी बोलते आणि लोक डोळे पुसतात.

रात्री जेवताना योपला सांगितलं. नवऱ्याने निदान हूं म्हणावं. तर म्हणतो, "अगं, तिचं पोर गेलंय."

माहीत आहे मला! तीच तर पंचाईत आहे. धड जळताही येत नाही.

बुधवार, १९ सप्टेंबर

पेपरात आमचा फोटो. मधोमध कोरी. उजवीकडे तपकिरी स्वेटरमधलं एक कोपर दिसतं, ते माझं.

शनिवार, २९ सप्टेंबर

पुलाच्या तोंडाशी टेबलखुर्च्या टाकून रस्ता अडवला. कल्पना माझी, टेबलही माझंच. पोरं खडूने रस्त्यावर चित्रं काढत होती. एक मोटारवाला काच खाली करून माझ्यावर खेकसला — "घरी कामं नाहीत का तुम्हाला?" मी त्याला चांगलं सुनावलं. तो आणखी दोन शब्द जास्त बोलला. मग कोरी नुसती पुढे येऊन उभी राहिली. तिचा फोटो पाहिला असणार पेपरात. मेल्याने टोपी काढली आणि मुकाट गाडी मागे घेतली.

तिच्या सायकलीवर मागे पिमची छोटी खुर्ची अजून तशीच आहे. तिच्यात ती पत्रकं ठेवते. फोटोवाल्यांसाठीच ठेवली असणार, असं मनात आलं. आलं ते लिहून टाकते, इथे कोण वाचायला येतंय.

संध्याकाळी माझ्याकडे कॉफीला आली. एक बिस्कीट दिलं आणि झाकण लावलं. जरा जोरातच. म्हटलं, कळू दे. पण ती आपली ऐसपैस बसली, आमच्या मार्लेसच्या सायकलीची पडलेली चेन बसवून दिली, आणि निघताना विचारते, "उद्या येऊ?"

समोरची ग्रेत तिला साय घातलेला केक देते. तिथे जा ना बाई.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

रोज येते. रोज एक बिस्कीट खाते. माझंच घर का सापडलंय हिला?

उद्यापासून मार्लेस स्वतःच्या सायकलीवर शाळेत जाणार. सात पूर्ण झाली, वर्गातली बाकीची पोरं जातात, मी तरी तिला किती दिवस मागे बसवून नेऊ? पण वाट त्याच पुलावरून. संध्याकाळपासून दोनदा तिचे ब्रेक तपासून आले. आणि कार्टी काय म्हणते — "आई, तू नको येऊस सोबत. कोरीमावशी येऊ दे. ती बाहेरच्या बाजूने चालवते, मोटारींकडून. आणि ती ओरडत नाही."

झालं. आता पोरगीही तिचीच.

रविवार, ४ नोव्हेंबर

अरबांनी तेल अडवलं म्हणून सरकारने रविवारी मोटारी बंद केल्यात. आजचा पहिला रविवार. जे मला तीन वर्षांत जमलं नाही ते त्या तेलवाल्यांनी एका फटक्यात केलं!

सगळं गाव रस्त्यावर. चाकाचे बूट घालून म्हातारे काय, घोड्यावरून पोरं काय. मार्लेस पुलावरून दोन्ही हात सोडून गेली आणि मी ओरडले नाही. कोरी वळणावर उभी होती. म्हणाली, "इतकं सोपं होतं बघ."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात योपने स्वतःचा मफलर काढून तिच्या गळ्यात घातला. नाकाला मिरच्याच झोंबल्या. गळा माझाही उघडाच होता.

सोमवार, १२ नोव्हेंबर

नगरपालिकेच्या सभेत गल्लीतर्फे एकानेच बोलायचं असं ठरलं. सगळ्यांनी एका सुरात कोरीचं नाव घेतलं. बरं, भाषण कोण लिहिणार? आलिदा लिहील. तिला कुठे काय काम असतं!

चडफडत लिहिलं. पुलाची रुंदी, शाळा सुटतानाची गर्दी, वळणावर मोटारवाल्याला न दिसणारी बाजू, मोटारींना मागून कुठला रस्ता द्यायचा, सगळं घातलं. माझंच आहे म्हणून नाही, पण फक्कड झालंय. टाळ्या तिला मिळतील.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

सभा झाली. कोरीने पिमचं नाव घेतलं आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बायका रडल्या. डे फ्रीससाहेबांनी चष्मा काढून पुसला.

मग ती पुलाच्या रुंदीवर आली. मागच्या रस्त्यावर आली. एकही शब्द गाळला नाही. पण कोणी ऐकतच नव्हतं! सगळे माना वाकड्या करून तिच्या तोंडाकडे बघत होते. एकानेही एक प्रश्न विचारला नाही. मला विचारले असते की — मागच्या खेपेला तर माझ्याशी हमरीतुमरीवर आले होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, बाईंच्या दुःखात आम्ही सारे सहभागी आहोत, पुलाचं जानेवारीत बघू. आणि पुढचा विषय घेतला — बाजाराजवळ मोटारी उभ्या करायला नवी जागा.

तोंडाला पानं पुसली. दारात साहेबांनी कोरीचा हात दोन्ही हातांत धरला, सोडेचनात. ती भिंतीकडे बघत होती. आज पहिल्यांदा मला तिचा हेवा वाटला नाही.

मार्लेस उद्या पुन्हा त्याच पुलावरून जाणार.

रविवार, २५ नोव्हेंबर

कोरी आली. तिला बघून मला भरून आलं. कॉफी झाल्यावर मी डबा दुसऱ्यांदा उघडला आणि तिच्यापुढे धरला.

तिने झाकणावर हात ठेवला. "तू पण?"

मी डबा टेबलावर ठेवला.

"मला बिस्किटं देतात, आलिदा. पूल देत नाहीत. जानेवारीत तू बोल. तुझ्यावर चिडतील, भांडतील, मग उत्तर तरी द्यावं लागेल. माझ्यावर कोणी चिडतच नाही."

"मी चिडते," तोंडातून निघून गेलं. "सप्टेंबरपासून."

"ठाऊक आहे गं. म्हणून तर तुझ्याकडे येते."

मी डबा बंद केला. जोरात.