आबांच्या गाडीचा दिवा

मंगळवार, संध्याकाळ

उद्या आबांना दवाखान्यात न्यायलाच हवं. पायाची जखम चिघळलीय. आणखी उशीर केला तर पाय वाचणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि आबांचा विसरभोळेपणा वाढल्यापासून ते रिक्षात बसवलं तरी ओरडतात. बसतात ते फक्त स्वतःच्या जुन्या गाडीत. नेमकं आजच बंद पडायचं होतं का हिला?

सुरू होते आणि लगेच मरते. डॅशवरचा इंजिनचा दिवा जात नाही. यासीनभाई मेकॅनिक म्हणाले, "कार्बोरेटरची असली तरी हिला बारका कॉम्प्युटर हाय की. ह्या दोन पिनांत तार घातली की दिवा लुकलुकतोय. किती येळा ते मोजायचं, त्या आकड्यावरनं बिघाड कळतोय." मोजलं. सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर बिघडलेला निघाला. नवा घातला, तरी दिवा तितकाच लुकलुकला. मला रडूच फुटलं. तो दिवा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

शेवटी यासीनभाईंनी गाडीखाली झोपून सेन्सरची वायर चाचपली. गरम पाइपाला चिकटून जळाली होती. जोडल्यावर दिवा विझला, इंजिन एकसारखं चालू लागलं. मी धावत जाऊन आबांना बाहेर आणलं.

त्यांनी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पावणं, कुणाची गाडी ही?"

"आपलीच, आबा. बसा की."

"नको. आमची गाडी येतीया."

आणि पायरीवर बसून राहिले. अजून उठले नाहीत. सकाळी काय करू?