धाकटीबद्दलचं वाक्य

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

सकाळी दोन वजनकाटे दुरुस्त केले. दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन गेल्या. तुझी ताई जाऊन काल तीन महिने झाले.

बाईंना तिची वर्गात शिकवायची इंग्रजी शब्दांची कार्डं हवी आहेत. गल्लत होणारे शब्द, एका कार्डावर दोन, प्रत्येकाला एक वाक्य. शाळा पुस्तिका छापणार आहे. महिनाअखेर कार्डांचं खोकं द्यायचं, म्हणून वाचायला बसलो. वाक्यं सगळी आपल्या घरातली निघाली. ‘बॉरो’ म्हणजे मागून घेणं, ‘लेंड’ म्हणजे देणं. त्याखाली लिहिलंय, धाकटी छत्री बॉरो केली म्हणते, पण मी ती कधी लेंड केलेली नाही. ‘हिअर’ आणि ‘लिसन’मध्ये मी आहे. नवरा मला हिअर करतो, लिसन करत नाही. हे भर वर्गात सांगायची! वाचताना ती स्वयंपाकघरातून बोलतेय असं वाटत होतं.

शेवटच्या कार्डावर अक्षर कापरं आहे. ‘डिनाय’ म्हणजे केलेलं नाकबूल करणं. साखरेचा डबा उघडा ठेवल्याचं नवरा डिनाय करतो. ‘रिफ्यूज’ म्हणजे करायला नकार देणं. माझी बहीण मला भेटायला यायला रिफ्यूज करते.

हे छापू द्यावं का? तुला विचारल्याशिवाय देणार नाही. लोभ आहे तसाच असू दे.

तुझे भाऊजी

दि. ९ फेब्रुवारी

ती. भाऊजींना सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं. औषधांच्या दुकानात रडलं की गिऱ्हाईक आजार विचारतं, म्हणून मागे गोदामात गेले. छत्रीचं खरं आहे, अजून माझ्याकडेच आहे. पण ते शेवटचं वाक्य कुठून आलं? ऑक्टोबरमध्ये मी दोनदा फोन केला. रजा मंजूर होती, बॅग भरलेली होती. तुम्हीच म्हणालात, ती फार थकली आहे, थोडं थांब. मी थांबले. मग ताईला हे सांगितलं कोणी? खरं लिहा. रागावले तरी उत्तर देईनच.

तुमची, धाकटी

दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

दोन कागद फाडले. सांगणारा मीच. तू आलीस की तिला कळेल, आता सगळे शेवटचं भेटायला येताहेत, ही मला भीती. तिने तुझं विचारलं, तेव्हा ‘तिला सध्या येता येत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘धाकटी यायला नको म्हणते.’ मला दोन्ही सारखंच वाटलं. काट्यावर अर्ध्या ग्रॅमचा फरक मला कळतो. बोलण्यात मात्र आयुष्यभर, एवढ्याने काय बिघडतं, म्हणत आलो. ती शब्द ऐकला तसाच धरणारी. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, झोपली. उद्या नीट सांगू म्हटलं. मग रोजच उद्या.

तिच्या हातचं ते शेवटचं वाक्य, आणि माझ्यामुळे खोटं. तू म्हणशील तसं करतो. लोभ कमी केलास तरी चालेल, तोडू नकोस.

तुझे भाऊजी

दि. २२ फेब्रुवारी

ती. भाऊजींना नमस्कार.

पत्र दोन दिवस उलटं ठेवलं होतं. माफ केलं असं लिहवत नाही, खोटं होईल. ताई माझ्यावर रुसून गेली, हे आता कायमचं. ते कार्ड शाळेला देऊ नका, मला द्या. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. बाकीची कार्डं वाचायची आहेत, बाईंना थांबायला सांगा. तुमच्याशी भांडायचंही आहे, ते पत्रात नीट होत नाही.

धाकटी

दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

हे पोचेपर्यंत तू निघालेली असशील, तरी लिहितो. बाई थांबायला तयार आहेत. आज तुझ्यासाठी आतल्या खोलीतली गादी गच्चीवर उन्हात नेली. जिन्यात दोनदा टेकलो. काठीने झोडपली, धूळ पुष्कळ निघाली. एक बाजू तापली असेल. उलटी करायला वर जातो.

तुझे भाऊजी