आईच्या गालावरचा सफेता

अण्णा, तुमचा सफेता फुटला. ज्याच्यासाठी तुम्ही जन्मभर भांडलात, ज्याच्याशिवाय दुसरा पांढरा रंग दुकानात येऊ दिला नाहीत, तो तुमचा झिंकचा पांढरा आईच्या गालावरून पापुद्र्यांनी सुटतोय. मला राग आलाय, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की तो कुणावर काढायचा तेही कळत नाही. म्हणून लिहायला बसले.

धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. मांडवात आजीची तसबीर ठेवायची म्हणून त्याने ती कोपरगावच्या घरातल्या भिंतीवरून उतरवली, तर पायाशी पांढऱ्या खपल्या पडल्या. लगेच मला फोन. "ताई, तूच नीट कर. आणि या वेळी पक्का पांढरा लाव, ते टिटॅनियम का काय म्हणतेस ते. परत निघायला नको." गादीत गुंडाळून, टेम्पोत घालून त्याने आईला नगरला पाठवली. मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, घरी तैलरंगात काम करते, म्हणजे हे माझ्याच गळ्यात पडणार होतं. पांढरा कुठला घ्यायचा एवढाच प्रश्न आहे, असं मलाही वाटलं होतं.

स्टँडसमोरचं तुमचं दुकान आठवतं. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं घालायची, आत गेलेल्या माणसांच्या तसबिरी. वर्षश्राद्धाच्या आत तसबीर भिंतीवर लागली पाहिजे, म्हणून लोक रेशनकार्डाचा नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन येतात, आणि बसायच्या आधीच सांगतात, "पेंटर, आमची म्हातारी फोटूत लई काळी आलीय. जरा उजळ करा." तुम्ही मान हलवता. सफेत्याच्या भुकटीत जवसाचं तेल घालून घोटायला बसता. तुमच्या तसबिरी बघून कुणालाही वाटावं, की कोपरगाव तालुक्यात काळं माणूस कधी मेलंच नाही. उसाला पाणी देऊन देऊन रापलेले बाप्ये तुमच्या हाताखालून गेले की जन्मभर सावलीत बसल्यासारखे दिसायचे. त्यांच्या घरच्यांना आवडायचं, तुमची चूल पेटायची, ते मी समजू शकते.

पण माझ्याशी तुम्ही असे वागला नाहीत. कॉलेजात असताना मी हौसेने टिटॅनियमची ट्यूब आणली आणि कारखान्याकडून मिळालेली साखर वाटीत घेऊन ती रंगवत बसले. तुम्ही मागून आलात, सुरी घेतलीत आणि साखरेचा सगळा ढीग कॅनव्हासवरून खरवडून काढलात. "ही साखर हाय का चुना? ह्यो रंग दुसऱ्याला जगू देत न्हाई. आपला सफेता बघ, खालचं दिसू देतो. आन पिवळा पडत न्हाई." मला रडू आलं. तुम्ही खरं तेच रंगवायला शिकवताय, असं मानून मी रडणं गिळलं. वाटीभर साखर खोटी दिसलेली तुम्हाला चालली नाही, अण्णा. मग आई कशी चालली?

आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. तिची तसबीर दुकानात पाठमोरी उभी करून ठेवलेली, तुम्ही मला बघू देत नव्हतात. सोनईहून आत्या आली, तिने पुढे जाऊन बघितली आणि तोंडाला पदर लावला. "दादा, जित्तेपनी समद्यांनी काळी म्हनून हिनवली तिला. आता भितीवर तरी उजळ ऱ्हाऊ दे." तुम्ही तसबीर पुन्हा भिंतीकडे वळवलीत. मला वाटलं होतं, तुम्ही इतरांसारखाच तिच्याही रंगात थोडा सफेता कालवला असेल.

गेल्या आठवड्यात खिडकीशी तसबीर ठेवून मऊ कुंचल्याने सैल पापुद्रे काढायला घेतले. गालाचा एक तुकडा निघाला आणि खाली तपकिरी दिसलं. आधी वाटलं, पहिला हात असेल. आणखी काढलं. खाली उजेड होता, गालफडावर पडलेला. डोळ्याखाली चुलीच्या धगीने काळवंडलेली कातडी होती. हनुवटीवर हिरवं गोंदण होतं. आख्खी आई होती, पूर्ण झालेली. तिच्यावर तुम्ही थरावर थर चढवलेत. खालचं दिसू देणारा तुमचा तो लाडका सफेता, खालचं दिसू नये म्हणून किती वेळा घोटला असेल! झिंक जाड लावला की तडकतो, हे आता कुणीही सांगेल. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि एक दिवस ती बाहेर यावी म्हणूनच तुम्ही तो वापरलात, अशी गोड समजूत करून घ्यायचा मोह मला झाला. नाही घेणार. दुकानात सफेता होता, तो तुम्ही फासलात. बहिणीला नाही म्हणायची तुमची छाती झाली नाही. आम्ही बहीणभाऊ इतकी वर्षं एका अनोळखी गोऱ्या बाईला दसरा-दिवाळीला हार घालत राहिलो.

टिटॅनियमची नवी ट्यूब आणून ठेवली होती. ती लावली असती तर आई पुन्हा कधीच निघाली नसती. ट्यूब फोडली नाही. रोज शाळेतून आले की तुमचा पांढरा उतरवते. कपाळ मोकळं झालंय. धाकटा म्हणतो, पाहुणे काय म्हणतील? म्हटलं, त्यांना म्हणू दे, ही आमची आई आहे.

पत्ता असता तरी हे तुम्हाला पाठवलं नसतं, कारण पुढचं मला तुम्हाला कळू द्यायचं नाही. हनुवटीवरचं ते हिरवं पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मला ती बुरशी वाटली होती. पुसायला टर्पेंटाइनचा बोळासुद्धा भिजवला. मग हात थांबला, म्हणून आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, गोंदान हुतं की तिला! तुला न्हाई आठवत?"

नाही आठवत. तुम्हाला आठवत होतं.