काळीचे इंजिन, तांबडीची खडखड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, जुन्या मोटरसायकली घेणाऱ्या-विकणाऱ्या माणसाची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण लिहायला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. मुलीने तर "आई, आत्ताच कशाला?" म्हणत दोनदा वही लपवली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच खरे धरावे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. पुढचे सारे वाचन रद्दीवर झाले. आमच्याकडे सुटे भाग वर्तमानपत्रात गुंडाळून यायचे. भाग यांचे, कागद माझा. गोष्ट रंगात यायची आणि नेमका तिथे ऑइलचा डाग. पुढे काय झाले ते कळेना, म्हणून मी वाचनालयाची पायरी चढले. तेव्हा भाषा चुकली तर हसावे, पण अर्थाबद्दल शंका काढू नये.

एक. घर. समोरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड माझ्या एकुलत्या एक मुलीची. बँकेत जे असेल तेही तिचेच. जावईबापूंना शेडमध्ये ऑफिस थाटायचे आहे हे मला ठाऊक आहे. खिशात मोजायची टेप घालून चहाला येणारा माणूस काय लपून राहतो? थाटावे. फक्त खिडकीखालचे कामाचे टेबल हलवू नये. त्याच्या डाव्या कडेला लाकडात एक खळगा आहे. तिथे यांचा कोपर एकेचाळीस वर्षे टेकत होता.

दोन. हत्यारांची पेटी मुलीची, जावयाची नव्हे. सहा वर्षांची असताना ती गृहपाठाच्या वहीतून मान न उचलता सांगायची, "बाबा, हिला पेट्रोल जास्त जातंय." आणि तसेच निघायचे. लग्नानंतर तिने पाना हातात धरला नाही, याचा मला राग आहे. पेटी डोळ्यांसमोर राहिली तर कधीतरी हात शिवशिवतील.

तीन. माझी पुस्तके वाचनालयवाल्या बाईंना द्यावीत. दोन पुस्तके त्यांचीच आहेत, ती मी हरवली असे सांगितले होते. ती हरवलेली नाहीत. मला परत द्यायची नव्हती.

चार. हातमोजेवाले साहेब. हे गाडी विकायच्या आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून चहा द्यायचे आणि विचारायचे, "ठेवणार कुठे हिला?" उघड्यावर, असे उत्तर आले की व्यवहार संपला. चहा मात्र पूर्ण पिऊ द्यायचे. उत्तर पटले तर गार इंजिन गिऱ्हाइकाने स्वतः किक मारून चालू करायचे. या साहेबांनी कातडी हातमोजे न काढता अकरा किका मारल्या, घामाघूम झाले आणि म्हणाले, "मालच खराब आहे." मी ओले हात पुसत बाहेर आले आणि दुसऱ्या किकेला गाडी चालू केली. ते त्यांनी मला माफ केले नाही. हे गेल्यावर नवव्या दिवशी दारात हजर. "बाई, काळीचं काय ठरवलंत? तुम्हाला आता तिचा काय उपयोग?" सबब, या गृहस्थांना माझ्यामागे शेडमधली कोणतीही वस्तू विकू नये. हवा भरायचा पंपसुद्धा नाही.

पाच. काळी. हे कलम लिहायला मला तीन वर्षे लागली.

माझे धाकटे दीर आणि हे शेडमध्ये बरोबरीने काम करायचे. यांच्याकडे इंजिन, भाऊजींकडे चेसिस आणि रंग, माझ्याकडे धुणे. बावीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोदामातून दोन गाड्या आल्या, एकाच घडणीच्या, एक काळी, एक तांबडी. एवढ्या गाड्या आल्या-गेल्या, पण या दोन विकायच्या नाहीत असे दोघांनी ठरवले. काळी दादाची, तांबडी धाकट्याची. त्या दिवशी दोघे त्या गाड्यांभोवती असे फिरत होते, जणू गाड्याच त्यांना निवडणार होत्या.

या गाड्यांच्या इंजिनावर आणि चेसिसवर कारखान्यातून एकच नंबर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर गाडी अस्सल. नाही जुळले तर कितीही चकाकू दे, शौकीन माणूस मान फिरवतो. दोन्ही गाड्या एकदम खोलल्या. मी भाग रॉकेलमध्ये धुऊन त्यांना पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत होते, काळीला काळा दोरा, तांबडीला लाल. धातूवरचे नंबर झिजून रंगाने भरलेले असत, म्हणून शेडचा नियम होता: चिठ्ठी बांधली की धातूला विचारायचे नाही, चिठ्ठीला विचारायचे.

त्या दिवशी माझ्या पुढ्यात एका गोष्टीचा कागद होता. अख्खा, एकही डाग नसलेला. वाचता वाचता दोन्ही इंजिनांच्या चिठ्ठ्या रॉकेलात सुटल्या. मी त्या अंदाजाने बांधल्या, कारण मला गोष्टीकडे परत जायचे होते.

महिन्याने गाड्या उभ्या राहिल्या. तांबडी पहिल्या किकेला गुरगुरली. काळी चालू झाली ती खडखडतच. यांनी नाण्याने नंबर खरवडला, भिंग लावले आणि भावाकडे पाहिले.

"तू बदललंस."

"दादा, मी? मी इंजिनाला हात तरी लावतो का?"

"मग चांगलं तेवढं तुझ्या गाडीत कसं गेलं? चालत गेलं?"

"असला आळ घेतोस माझ्यावर? वहिनी, तुम्ही तरी सांगा याला!"

मला त्या क्षणी सगळे कळले होते. दोऱ्याची गाठ अजून बोटांना आठवत होती. मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं."

आयुष्यात लहानसहान खोटे खूप बोलले असेन. पण पुरेपूर खोटे वाक्य हे एकच. भाऊजी तांबडी घेऊन गेले ते गेलेच. मी आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. मग न सांगितल्याचीच लाज सांगण्याहून मोठी झाली.

हे दर रविवारी सकाळी काळी चालू करून दहा मिनिटे ती खडखड ऐकत उभे राहायचे. यांना ते एका दिवसाचे काम होते. मी म्हणायचे, "उघडा ना एकदा." ते म्हणायचे, "मालक समोर नसताना मी इंजिन उघडत नाही." हा त्यांचा जुना नियम, सगळ्या गिऱ्हाइकांना लागू. मी म्हणायचे, "मालक तुम्हीच की." त्यावर एकदाच बोलले, "गाडीचा. इंजिनाचा नाही."

हे गेले त्या दिवशी भाऊजी हातात हेल्मेट घेऊन फाटकाशी उभे होते. आत आले नाहीत. मी बाहेर गेले नाही.

तरी माझ्यामागे काळीतले इंजिन भाऊजींना द्यावे, तांबडीतले मागून घ्यावे आणि काळी मुलीने ठेवावी. चूक माझी होती, तुमची नव्हे, हे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे. वाचनालयवाल्या बाईंनी वाचावे. मुलगी रडेल आणि अर्धे शब्द गिळेल.

सही: माझी, सावकाश केलेली.
साक्षीदार: १. वाचनालयवाल्या बाई. २. शेजारचे शिंपी, ज्यांनी चष्मा विसरल्यामुळे माझा लावून सही केली.
दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.
ठिकाण: शेडमधले कामाचे टेबल.
दिनांक: चौदा मार्च दोन हजार बावीस.

पुरवणी

सही करताना वाचनालयवाल्या बाईंनी कलम पाच दोनदा वाचले आणि पेन खाली ठेवले. "अहो, हे वाचून दाखवायला तुम्ही मरायची वाट कशाला बघायची? पुस्तकं लपवता ते लपवता, आता हेही?"

मी रात्रभर तळमळले वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी कलम पाचची नक्कल काढून भाऊजींना टपालाने पाठवली.

ते रविवारी आले, तांबडीवरून. केस सगळे पिकलेले. नक्कल खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मी चहा पुढे केला, त्यांनी घेतला नाही.

"बावीस वर्षं, वहिनी."

"हो."

"मी दादाला शिव्या घातल्या. रोज. आणि तो गेला."

"हो, भाऊजी."

मला क्षमा मागायची होती, पण तो शब्द एवढ्याशा तोंडात मावेना. त्यांनी काळीला किक मारली. खडखड सुरू झाली. ते डोके तिरपे करून ऐकत राहिले, अगदी यांच्यासारखे.

"म्हणजे ही खडखड माझी. ऐकली मात्र त्याने." मग म्हणाले, "दुरुस्त का नाही केली त्याने?"

मी यांचे शब्द होते तसे सांगितले. भाऊजींनी गाडी बंद केली. त्यांचा कोपर टेबलाच्या त्या खळग्यात जाऊन टेकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. शेवटी म्हणाले, "मालक आलाय म्हणा. पाने कुठे आहेत?"

पाने घेऊन मुलगी आली. कोणी बोलावले नव्हते. तीन रविवार काम चालले. चिठ्ठ्या मीच बांधल्या, आणि प्रत्येक चिठ्ठीपाशी भाऊजी धातूवरचा नंबर मोठ्याने वाचत. मी म्हणाले, "विश्वास नाही ना?" ते म्हणाले, "नाही." आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा हसले. तिसऱ्या रविवारी चहा घेतला, साखर कमी म्हणून नावेही ठेवली.

पिस्टनच्या पिनचा बुश झिजला होता. अंगठीएवढी वस्तू. भाऊजींनी नवा बसवला. आता दोन्ही गाड्या आपापल्या इंजिनावर चालतात आणि काळीचा आवाज मला ओळखू येत नाही.

सबब कलम पाचमधली इंजिनांची अदलाबदल पूर्ण झाली आहे आणि मोठ्याने वाचायची गरज उरलेली नाही. काळी मुलीची. माझ्यामागे दर रविवारी तिने ती चालू करावी आणि काकांना बोलवावे.

जुना बुश माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. तो वाटणीत धरू नये. यांनी जाईपर्यंत दर रविवारी ऐकले ते एवढेच उरले आहे, आणि ते मी बरोबर नेणार आहे.

सही: माझी.
साक्षीदार: १. वाचनालयवाल्या बाई, दोन पुस्तके परत मिळाल्याच्या नोंदीसह. २. धाकटे दीर, तांबडीचे मालक.
ठिकाण: तेच टेबल.
दिनांक: दहा एप्रिल दोन हजार बावीस, रविवार.