परसातली खोली

किल्लारी,
२ मार्च २०२५

चि. विशाखास,
बाबांचा जय भीम आणि भरभरून आशीर्वाद.

अक्षर पाहून घाबरू नको. डॉक्टरांनी उजव्या हाताला रोज लिहायचं काम लावलंय, म्हणून हे पत्र. लकव्यानंतर बोटं ऐकतच नव्हती. आता पेन धरतात, फक्त ओळ पानाबाहेर निघून जाते. तूही पत्रानंच उत्तर दे. फोनवर तू अर्ध्यातच रडतेस.

तू पाठवलेला फोटो पाहिला. कंपनीची तयार पत्र्याची खोली, दोन माणसं येऊन जोडून देतात म्हणे. पाठवू नको. अवजारं, बियाणं, पाण्याची मोटर ठेवायला परसात खोली पाहिजे हे खरं, पण ती मीच बांधतोय. वायरमन म्हणून जन्मभर विजेचे खांब उभे केले, मला चार लाकडी बल्ल्या जड आहेत का? भिंती तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या, वर पत्रे. काल खड्डे आखले. तुझी आई ओसरीतून हसत होती.

नांदेडला आमच्यासाठी खोली रंगवून घेतलीस, असं जावईबापू रविकांत बोलून गेले. त्याचं उत्तर ही खोली झाल्यावर देतो.

आठवण ठेवतेसच, अशीच ठेव.
तुझा बाबा,
लिंबाजी

नांदेड,
९ मार्च २०२५

आदरणीय बाबांस,
विशाखाचा सविनय जय भीम.

तुमचं अक्षर माझ्या वर्गातल्या पहिलीच्या पोरांपेक्षा वाईट आहे. मी ते शाळेत सगळ्या बाईंना दाखवलं, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन रडले. म्हणजे पत्राचाही काही उपयोग झाला नाही.

बाबा, जानेवारीत तुम्ही त्याच परसात पडलात. आईनं एकटीनं तुम्हाला ओसरीत ओढून आणलं आणि जीप लातूरला पोचेपर्यंत तुमचा हात चोळत राहिली. परत असं झालं तर मी इथून पोचणार कधी? म्हणून माझी अट ऐका. खोली बांधा, पण शिडीवर चढायचं नाही. आणि उन्हाळा संपेपर्यंत हात पहिल्यासारखा झाला नाही, तर दोघांनीही नांदेडला यायचं. हे विचारत नाही, सांगतेय.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची,
विशाखा

किल्लारी,
६ एप्रिल २०२५

चि. विशाखास,
जय भीम, आशीर्वाद.

अट कबूल. बल्ल्या उभ्या राहिल्या, ओळंबा लावून बघ, एक केसभर कललेली सापडायची न्हाई. तुराट्या बांधून तुझ्या आईनं शेणामातीनं लिंपल्या. शेजारच्या वीरण्णानं पत्रे वर ठेवून दिले. नट मात्र मी आवळले, स्टुलावर उभा राहून. स्टूल म्हणजे शिडी न्हाई. तुझी आई पाना मागत होती, तिला म्हटलं, तू स्टूल धर.

आता तुझ्या कंपनीवाल्यांना खुशाल पाठव, बघून शिकतील.

जावईबापूंना जय भीम सांग, आमच्यावर मर्जी राहू दे.
बाबा

किल्लारी,
२७ एप्रिल २०२५

चि. विशाखा,
आईचा जय भीम आणि लई आशीर्वाद.

बाबा लिहीनात म्हणून मी लिहायला बसले. मंगळवारी वळवाचं वादळ आलं आणि सगळे पत्रे उडाले. एक तर वीरण्णाच्या मळ्यात जाऊन पडला. कुणाला लागलं न्हाई. बल्ल्या, भिंती जागच्या जागी. फक्त नट ढिले होते. त्यांनी राहिलेला एक नट बोटानंच फिरवून पाहिला आन् खाली बसले. जेवले न्हाईत. मग म्हणाले, विशाखाला फोन कर, आम्ही नांदेडला येतो म्हण.

मी फोन केला न्हाई. पत्रे गोळा केले, ठोकून सरळ केले, पाना घेतला आन् स्टुलावर चढले. म्हटलं, तुम्ही सांगा, मी पिळते. ते म्हणाले, हे बाईचं काम न्हाई. मी म्हटलं, मग तुम्हाला ओढत ओसरीत आणलं ते कुणाचं काम होतं? आले आन् स्टूल धरलं. पहिला नट मी उलटाच फिरवला. तेव्हा हसले गं. झटका आल्यापासून असं हसलेच नव्हते.

मोटर कशी चालू करायची, तेही शिकून घेतलं. इतकी वर्षं हात लावू देत नव्हते.

पोरी, जिवाला खात बसू नको.
तुझी आई,
सरजाबाई

किल्लारी,
१८ मे २०२५

चि. विशाखास,
जय भीम, दोघांचे आशीर्वाद.

परवा पुन्हा वादळ आलं. वीरण्णाच्या गोठ्याचं छप्पर गेलं, आपल्या खोलीचा एक पत्रा वाजलासुद्धा न्हाई. आज वीरण्णा विचारायला आला, तुमचा मिस्त्री कोण? मी तुझ्या आईकडे बोट दाखवलं. उद्या ती त्याच्या गोठ्यावर जाणार, मी सोबत ओळंबा घेऊन.

आता तुझ्या अटीचं. खरं सांगतो, हात पहिल्यासारखा झाला न्हाई. पेन धरतो, पाना धरत न्हाई. डॉक्टर म्हणतात, इथून पुढं थोडाच सुधारेल. अट मी हरलो. पण नांदेडला येत न्हाई. या घरात हात चार आहेत. त्यातले तीन चांगले चालतात, आणि तेवढ्यात आमचं झकास भागतं.

सुटीत ये. वांगी लई झालीत, आणि तुझ्या आईला तुला खोली दाखवायची आहे.

आमच्यावरचा जीव असाच असू दे.
तुझा बाबा