आशाआत्याचा ठोका

नाशिक, १२ जानेवारी २०२५

ती. सौ. आशाआत्यास,
हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काल जे घडलं ते तुला सांगायलाच हवं.

प्रदर्शनातला माझा हातमाग तुला ठाऊकच आहे. धाग्याला हात लावला की एकेका बाईची, तिच्याच आवाजात मुद्रित केलेली गोष्ट ऐकू येते. कबूल केल्याप्रमाणे तुझा आवाज मी संगणकावर पार बदलला होता. बाबांना, तुझ्या सख्ख्या भावालाही, तो ओळखता आला नाही. म्हणून तर तुझ्या यजमानांना, गोरक्षमामांना, बोलवायचं धाडस केलं.

मामांनी आल्या आल्या खोड काढली, या मागावर पैठणी सोड, पायपुसणंही व्हायचं नाही म्हणाले. मग नेमका तुझाच धागा धरला. सासूच्या सांगण्यावरून पोटातली मुलगी पाडली आणि नवऱ्याला आपोआप पडल्याचं सांगितलं, हे त्यांनी परक्या बाईचं दुःख म्हणून हळहळत ऐकलं. अन् एकदम पांढरेफटक पडले. त्या बोलण्यामागे माग चालल्याचं त्यांना ऐकू आलं होतं, दोन ठोके जोडून आणि एक रेंगाळलेला. असं आपल्या घरातच विणतात, एवढंच म्हणाले आणि चपला न घालता निघून गेले.

आत्या, मी आवाज झाकला आणि ठोके तसेच ठेवले. मला ते नुसते गोड वाटले होते. मामा घरी पोचले का? तुला काय बोलले? धागा काढून ठेवलाय. हवं तितकं रागाव, पण मला परकी करू नकोस.

तुझी,
हर्षाली

येवला, १७ जानेवारी २०२५

चि. हर्षालीस,
अ. उ. आ.

हे पोचले, अनवाणीच. चपला तूच घेऊन ये, तुझा तिळगूळही डब्यात राहिलाय.

आल्यापासून हे माझ्या शेजारी मागावर बसायचे, पण विणायला धोटा हातात धरत नव्हते. आता माहेरी धाडतात, असंच मी धरून चालले होते. फसवलंस का, हे विचारतील म्हणून जीव मुठीत होता. काल विचारलं ते भलतंच. मी सासूबाईंना हो म्हणाले, हे तुझ्या धाग्यात सांगताना माझा माग थांबला होता म्हणे. तिथं काय गिळलंस, असं विचारलं.

मी हादरलेच. पोरी, तू ते कितीदा ऐकलं असशील, तुलाही कळलं नव्हतं.

हो म्हणण्याआधी मी पोटातल्या मुलीचं नाव ठेवलं होतं. ते ह्यांना सांगितलं. ह्यांनी ते एकदा उच्चारलं, आणि मग दिवसभर आमच्या घरात एकही माग चालला नाही.

धागा परत लाव, ठोक्यांसकट. नाव मात्र विचारू नकोस. ते आम्हा दोघांचं आहे.

तुझी,
आत्या