रांजण, रिकामा

४ नोव्हेंबर, हट्टा
आज आले. खोली ऐसपैस, घरमालकीण संध्याताई हसऱ्या. पिशवी टेकवते न टेकवते तोच पुढ्यात पिठलं-भाकरी. काम माझ्या आवडीचं. चाळीस वर्षांपूर्वी पूर्णेकाठी उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू शाळेत, देवळात, कुणाकुणाच्या घरी राहून गेल्या. त्या शोधून संग्रहालयात पोचवायच्या. शाळेच्या कपाटात आजच मण्यांची डबी सापडली!

७ नोव्हेंबर
नीलाबाईंकडे गेले. त्यांचे मालक लखमा तेव्हा खोदकामावर मजूर होते. साहेब लोक गुडघ्याएवढा एक रांजण त्यांच्या घरी ठेवून गेले, परत आलेच नाहीत. आत तान्ह्या लेकराची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वी लेकरू गेलं की असंच घराच्या जमिनीखाली पुरत. नीलाबाई रोज त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवतात. म्हणाल्या, "ने बाई. पर त्याला बराबर ने. म्या रोज सांगते त्याला, तुजी माय येऊन राहिली." मी शब्द दिला.

८ नोव्हेंबर
लिहायचीही लाज वाटते. कालव्याच्या पुलावर स्कूटी घसरली. रांजण तडकला, हाडं डांबरावर सांडली. इवली इवली. लोक जमतील, चौकशी होईल, नोकरी जाईल. ओढणीत गोळा केली आणि पाण्यात सोडून दिली. यादीत लिहिलं: रांजण, रिकामा.

१० नोव्हेंबर
डावी कंबर भरून आलीय. टपरीवर एक बाई म्हणाली, "लेकराला खाली ठेवा की ताई, अवघडल्या असाल." मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

११ नोव्हेंबर
बसमध्ये एकाने उठून मला जागा दिली. कंडक्टर म्हणाला, पोरगं ओलंचिंब आहे, पुसा तरी. सगळी बस बघत होती, कसली आई ही. मान वर करवली नाही. कुर्ता कमरेपाशी ओला.

१२ नोव्हेंबर
संध्याताई हसत नाहीत. विचारलं, दिवसभर काहून रडवता त्याला? मला रडणं ऐकू येत नाही. फक्त वजन. मानेवर बोटं — गार —

१३ नोव्हेंबर
नीलाबाईंना सगळं सांगितलं. पाया पडले. त्या माझ्या कमरेकडेच बघत होत्या, डोळे भरून. शिव्या दिल्या असत्या तर बरं. एवढंच म्हणाल्या, "त्याला वाटून राहिलं, माय आली." दार लावून घेतलं.

१४, सकाळ
डावा हात खाली येत नाही — काहीतरी धरल्यासारखा —
आता ऐकू येतं. रडत नाही. कानाशी, ओल्या तोंडाने, एकच हाक — पुन्हा — आणि मी — मी ओ दि